पहिल्या पायरीची माणसं

सोमवारी सकाळी साडेनऊला भिंतीवरचा फलक उजळला आणि साताऱ्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सात जणांनी एकदमच माना वर केल्या. सात नावं, प्रत्येक नावापुढे एक आकडा. सगळ्यात वर तन्वी शेरेकर, पाच. तिच्याखाली टीमचा प्रमुख हर्षद कुलथे, चार. मग तीन, तीन, तीन, दोन. आणि तळाशी मालन सोनटक्के, एक.

पाच पायऱ्यांना नावंही होती. उपस्थित, सहभागी, बांधील, समर्पित, ध्यासमग्न. एकचा अर्थ उपस्थित.

मालनताईंनीच हात वर केला आणि शाळेतल्या मुलीसारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हजर!"

सगळे हसले. हर्षद मात्र हसला नाही. कारण तिसऱ्या पायरीच्या खाली असलेल्या माणसाला अंतिम मंजुरीत मत नव्हतं, आणि या टीममध्ये 'नाही' म्हणण्याची हिंमत आजवर मालनताईंनीच दाखवली होती.

कामाचं नाव होतं रक्तवाट. जिल्ह्याच्या रक्तपेढीतून डोंगरातल्या ग्रामीण रुग्णालयांकडे ड्रोननं रक्ताच्या पिशव्या पाठवायच्या. कुठली पिशवी, कुठल्या गटाची, कुठल्या वाटेनं, किती वेळात, हे सगळं ठरवणारी संगणक प्रणाली ही सात माणसं तीन वर्षं बांधत होती. मालनताईंचं काम ती तपासण्याचं. वय अठ्ठावन्न. या कामाआधी छत्तीस वर्षं त्या वांगखोऱ्याच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. हर्षद पहिल्यांदा तिथे आला तो स्वतः बनवलेला नमुना घेऊन, सिस्टर लोकांना काय हवं ते विचारायला. मालनताईंनी दुपारच्या दोन तासांत त्याच्या नमुन्यातल्या अकरा चुका काढून दिल्या. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही आमच्याकडेच या." त्या म्हणाल्या, "पगार बारका असला तरी चालेल, पण माझं ऐकावं लागेल." आणि गेल्या.

त्या का गेल्या हे त्यांनी फार जणांना सांगितलं नव्हतं. खोऱ्यातल्या एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. रक्त जीपमधून निघालं होतं आणि वाटेत घाटात अडकलं होतं. भिंतीवरच्या फोनजवळ उभ्या राहून मालनताईंनी चाळीस मिनिटं काढली होती. त्या बाईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या त्यांनीच उतरवल्या. अशा मालनताईंना आज एक यंत्र सांगत होतं, की तू इथे नुसती हजर आहेस.

यंत्राचं नाव ध्यासमापक. कानामागे चिकटवायची, टिकलीएवढी चकती. ती मनातले विचार वाचत नसे, आणि त्या बाबतीत तिची जाहिरात खरी होती. तिचं तत्त्व साधं होतं. माणसानं एखादं काम मनावर घेतलं आणि ते अर्धवट राहिलं, की मेंदू ते काम सोडून देत नाही. भाजी चिरताना, बसमध्ये बसल्यावर, अंघोळीच्या वेळी तो आपल्या आपण त्या कामाकडे पुन्हा पुन्हा फेरी मारून येतो. काम करताना मेंदूत विद्युत्-लहरींची जी ठेवण उमटते, तीच ठेवण या फेरीत क्षणभर झळकून जाते. चकती पहिले तीन दिवस माणसाची ती ठेवण शिकून घेई आणि मग चोवीस तास फक्त फेऱ्या मोजत राही. जितक्या फेऱ्या जास्त, तितकी माणसाची कामाशी बांधिलकी जास्त, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष होता. हजारो लोकांवर प्रयोग झाले होते. मनापासून काम करणाऱ्यांच्या फेऱ्या खरोखरच जास्त भरत होत्या.

मग सरकारला ते आवडलं यात नवल नाही. न बघता, न वाचता 'ठीक आहे' म्हणणाऱ्यांनी मोठमोठी कामं बुडवली होती. म्हणून मुंबईहून नियम आला: जिवाशी संबंध असलेल्या प्रत्येक प्रणालीच्या टीमनं चकती लावायची, आणि मंजुरीला मत फक्त तिसऱ्या पायरीपासून पुढे. पात्र सदस्यांपैकी एकानं जरी नकार दिला तरी काम थांबायचं.

"ताई, काहीतरी गडबड आहे," जेवणाच्या सुट्टीत तन्वी म्हणाली. सत्तावीस वर्षांची, वाईची मुलगी. डब्यात आईनं दिलेली पोळी तशीच असायची आणि ही पडद्याकडे बघत बिस्किटं खायची. "तुम्ही एक आणि मी पाच? तुमची चकती नीट चिकटली नसेल."

"चिकटलीय गं. साडेपाचला घरी जाताना काय करते मी, सांग बघू."

"तुमचं ते ओव्हर लिहिता."

ओव्हर म्हणजे दवाखान्यातली पद्धत. पाळी संपली की पुढच्या सिस्टरला सगळं सांगून, लिहून द्यायचं: कुठल्या खाटेवर कोण, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कशावर नजर ठेवायची. एस्तेर लोंढे नावाच्या हेडसिस्टर होत्या, उंच, ताठ, इस्त्रीची टोपी कधी तिरकी न होणाऱ्या. त्यांनी एकोणीस वर्षांच्या मालनला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "पेशंट वॉर्डात ठेवून जायचा. डोक्यात घालून घरी नेलास, तर उद्या तुझे हात इथे नसतील." ती सवय ऑफिसातही सुटली नव्हती. रोज संध्याकाळी मालनताई लांब वहीत त्या दिवशीचं सगळं उतरवत. काय तपासलं, काय राहिलं, उद्या कुठून सुरुवात. मग वही कपाटात, आणि पायऱ्या उतरताना डोकं रिकामं.

तन्वीनं बिस्किट हातातच धरलं. "ताई, तेच! तुम्ही सगळं लिहून ठेवता म्हणून मेंदूला अर्धवट असं काही उरतच नाही. तो कशाला फेरी मारेल? तुमची वही तुमची पायरी खातेय."

"मग?"

"मग वही बंद करा. मंजुरीपर्यंत दोन महिने. मत हातात येईल. तुमचं मत नसेल तर आम्ही सगळे हर्षदसरांच्या घाईला हो म्हणू, मला माहितीये."

मालनताईंनी त्या संध्याकाळी वही काढलीच नाही.

पहिले दोन दिवस हाताला काहीतरी विसरल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून काम घरी यायला लागलं. तांदूळ निवडताना पिशव्यांचे गट डोळ्यांपुढे येत. एसटीत बसल्या तर ड्रोनच्या वाटा. एकदा त्या आपला थांबा सोडून पुढच्या गावात उतरल्या.

त्यांचे यजमान वसंतराव एसटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एका रविवारी त्यांनी विचारलं, "अगं, सुमनच्या नातवाच्या बारशाला कधी निघायचं?"

"सोमवारी तपासते," मालनताई म्हणाल्या.

वसंतरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "इतकी वर्षं तू दवाखान्यातनं यायचीस. दारात चपला काढल्यास की घरची असायचीस. आता चपला निघतात, तू निघत नाहीस."

"थोडे दिवस कळ काढा हो. माझ्या मताचा प्रश्न आहे."

"तुझं मत मला पहिल्यापासून ठाऊक आहे," ते म्हणाले आणि स्वतःच चहा टाकायला उठले.

पण फलक चढत होता. दोन झाले, तीन झाले, सातव्या सोमवारी चार. समर्पित! टीमनं टाळ्या वाजवल्या, कुणीतरी कंदी पेढे आणले. मालनताईंना मनातून बरं वाटलं, ते त्या नाकारणार नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी एक सरकारी यंत्र आपल्याला समर्पित म्हणतंय, आणि दवाखान्यात छत्तीस वर्षांत तसं कागदावर कुणी लिहून दिलं नव्हतं.

मंजुरीची बैठक मे महिन्याच्या एका मंगळवारी झाली. एकशे बारा बाबी होत्या. प्रत्येकीवर हर्षद विचारी, "तपासलंय?" आणि ज्याचं काम तो हो म्हणे. मालनताई एकदाही अडखळल्या नाहीत. सगळं इतकं घोळलं होतं, की प्रत्येक बाब तोंडपाठ वाटत होती. सहाही पात्र सदस्यांचे हात वर गेले. उद्घाटन शनिवारी ठरलं.

बुधवारी त्या खोऱ्यातल्या सिस्टर लोकांसाठी माहितीपुस्तिका लिहायला बसल्या. 'पिशवी वाटेत दुसरीकडे वळवली तर' या पानावर आल्या. म्हणजे असं, की एका रुग्णालयानं रक्त मागवलं, ड्रोन निघाला आणि मागणी रद्द झाली. तेव्हा प्रणाली तीच पिशवी दुसऱ्या गरजू रुग्णालयाकडे वळवते. पेटीत गारवा चार तास टिकतो. चार तासांपुढची पिशवी रुग्णाला देता येत नाही, टाकूनच द्यायची. म्हणून पेटीचं घड्याळ महत्त्वाचं. त्या घड्याळाचं चित्र पुस्तिकेत हवं होतं, ते त्या आपल्या चाचणीतून घ्यायला गेल्या.

चाचणीची नोंद नव्हती.

असं कसं, त्यांनी स्वतःला विचारलं. मी केलीय की. त्यांना ती चाचणी स्पष्ट आठवत होती: मागणी घातली, रद्द केली, पिशवी वळवली, घड्याळ बघितलं. पण तेव्हा त्या कुठल्या खुर्चीवर बसल्या होत्या, सकाळ होती की दुपार, शेजारी कोण होतं, यातलं काहीच आठवेना. आठवणीत नुसतं काम होतं, जागा नव्हती. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. ही चाचणी त्यांनी एसटीत केली होती. तांदूळ निवडताना केली होती. वीस-पंचवीस वेळा केली होती, आणि एकदाही केली नव्हती.

त्यांनी ती तिथल्या तिथे करून बघितली. तीन तास बाहेर फिरलेली पिशवी वळवल्याबरोबर घड्याळ शून्यावर आलं आणि पुन्हा चार तास मोजायला लागलं. सात तासांची शिळी पिशवी प्रणालीनं ताजी म्हणून हातात दिली असती, आणि एखाद्या सिस्टरनं विश्वासानं लावली असती.

मालनताई उठल्या आणि थेट हर्षदच्या टेबलापाशी गेल्या. त्याला पडदा दाखवला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, मग परत आला.

"तन्वी दहा मिनिटांत दुरुस्त करेल," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ताई, बरं झालं सापडलं. विषय संपला. कुणाला कळायचंही कारण नाही. तुमची पायरी राहील, मत राहील, शनिवार राहील."

"हर्षद, मी काल हात वर केला तो खोटा होता."

"मुद्दाम नव्हता ना."

"नव्हता, म्हणून तर भीती वाटते. मुद्दाम खोटं बोलले असते तर कुठे बोलले ते मला माहीत असतं. हे एक सापडलं. मी मनातल्या मनात तपासलेली अजून किती आहेत, मला सांगता येत नाही." त्यांनी बाकीच्या टेबलांकडे बघितलं. "आणि तुमची किती?"

हर्षद चिडला. "ताई, तुम्ही स्वतःच्या चुकीला सगळ्यांच्या गळ्यात बांधताय!"

तेवढ्यात मागून तन्वीचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "सर, या घड्याळाची चूक मला मार्चमध्येच दिसली होती. मला वाटत होतं मी ती दुरुस्त केलीय." तिचे डोळे भरले होते. "मी रोज दुरुस्त करत होते. रोज अंघोळ करताना."

यंत्रानं मोजलं होतं ते खरंच होतं, फेरी न् फेरी खरी होती. पण जे काम हातून होत नाही, तेच डोक्यात फिरत राहतं. आणि फिरून फिरून एक दिवस झाल्यासारखं वाटायला लागतं. ज्याला सगळे ध्यास म्हणत होते, त्यात असा एक दरवाजा उघडा राहिला होता.

त्या दिवशी सातही जण एकशे बारा बाबी घेऊन बसले. 'नक्की केलंय' असं ज्याला त्याला वाटत होतं आणि ज्याची नोंद नव्हती, अशा एकोणीस बाबी निघाल्या. त्यातल्या सर्वांत जास्त, सात, पाचव्या पायरीच्या तन्वीच्या होत्या.

गुरुवारी जिल्हा आरोग्य विभागाच्या डॉ. नसीम मुजावर आल्या. उद्घाटनाची तयारी बघायला आल्या होत्या, मांडवाचा विषय काढणार होत्या. त्याआधी मालनताई उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "मॅडम, माझा होकार मी परत घेतेय." आणि काहीही न लपवता सांगितलं, वही बंद केली तेव्हापासून घड्याळ शून्यावर आलं तिथपर्यंत.

डॉक्टरांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. "पाहुण्यांना तारीख दिलीय, सिस्टर."

"हो."

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे," हर्षद म्हणाला. मालनताईंनी त्याच्याकडे बघितलं. त्याचा आवाज आता ठाम होता. "आणि या वेळी मी घाई करणार नाही."

"दिले. पण एक ऐकून ठेवा. पायरीचा नियम वरून आलाय, तो मला बदलता येत नाही. सोनटक्के सिस्टर, तुम्ही परत लिहायला लागलात तर तुमचं मत जाणार."

"जाऊ दे मॅडम. मत गेलं तर काम राहील. वही गेली तर मत राहून काय करू?"

त्या संध्याकाळी सव्वापाचला मालनताईंनी कपाटातून वही काढली. शेजारी खुर्ची ओढून तन्वी बसली, हातात कोरी वही. दहा मिनिटं लिहून तिनं पान पुढे केलं. त्यावर होतं, 'घड्याळाचं बरंचसं काम झालं.'

"बरंचसं म्हणजे किती?"

"म्हणजे... बऱ्यापैकी."

"उद्या तुला ताप आला आणि तू आली नाहीस, तर या कागदावरून मी काय करू? कपाळाला लावू?"

तन्वीला हसू फुटलं. तिनं ती ओळ खोडली आणि पुन्हा लिहायला घेतली. या वेळी पाऊण तास लागला. वही मिटून ती उठली, तेव्हा मालनताई म्हणाल्या, "तुझं पाच जाईल हं."

"जाऊ दे. दोन वर्षांत पहिल्यांदा आईशी बोलताना मला ती काय म्हणतेय ते ऐकू येईल."

दुसऱ्या दिवशी तिसरी वही आली. सोमवारपर्यंत पाच. हर्षद सगळ्यात शेवटी आला, आणि त्याचं ओव्हर सगळ्यांत गचाळ होतं. मालनताईंनी ते तीन वेळा परत लिहायला लावलं. टीमचा प्रमुख मान खाली घालून लिहीत होता आणि बाकीचे खुशीत बघत होते. दिवसभर कामं पूर्वीसारखीच झपाट्यानं चालत, वाद पूर्वीपेक्षा मोठ्यानं होत, आणि साडेपाचला सात माणसं सात वह्या कपाटात ठेवून गप्पा मारत जिना उतरत. एकोणीसच्या एकोणीस बाबी खुर्चीवर बसून, दिवसाउजेडी, नोंद करून तपासल्या गेल्या. त्यात अजून दोन चुका निघाल्या. मालनताईंनी आयुष्यात खूप माणसांबरोबर काम केलं होतं, पण कपाटातल्या त्या सात वह्यांकडे बघताना त्यांची मान जशी ताठ होई तशी आजवर झाली नव्हती.

तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी डॉ. मुजावर मंजुरीचा फॉर्म घेऊन आल्या. साडेनऊला फलक उजळला.

एक. एक. दोन. एक. एक. दोन. एक.

डॉक्टरांनी आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. "अहो, इथे मत द्यायला पात्र असा एकही माणूस नाही!"

"नाही," हर्षद म्हणाला. जणू बक्षीस जाहीर करतोय, असं.

"मग हो कोण म्हणणार?"

डॉक्टरांनी फॉर्म उलटापालटा केला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम होतं, जे आजवर कुणी वापरलं नसावं: पात्र सदस्य उपलब्ध नसल्यास प्राधिकृत अधिकाऱ्यानं स्वतः खात्री करून निर्णय घ्यावा व कारण नमूद करावं. ते वाचून त्यांनी पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि पंखा मोठा करायला सांगितला.

"वाचा सिस्टर. पहिल्या ओळीपासून."

मालनताई उभ्या राहून वाचायला लागल्या. बाब, कुणी तपासली, कधी, काय दिसलं, काय दुरुस्त केलं, परत कुणी तपासली. ज्याचं नाव येई तो उठून उभा राही. डॉक्टर मधेच थांबवून खोचक प्रश्न विचारत, उत्तर मिळालं की बोटानं 'पुढे' म्हणत. जेवणाची वेळ झाली, तरी कुणी डबा काढला नाही. सत्त्याऐंशीव्या ओळीवर मालनताईंनी वाचलं, "विजा कडाडत असताना ड्रोन उडवून तपासलं नाही. म्हणून तशा हवेत प्रणाली ड्रोन सोडणार नाही, जीप पाठवायला सांगेल."

"थांबा. हे तुम्ही 'तपासलं नाही' असं चक्क लिहून दिलंत? मंजुरीच्या दिवशी?"

"तपासलं नाही म्हणून," तन्वी जागेवरून उभी राहत म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "पुढे."

एकशे बारावी ओळ संपली तेव्हा पावणेतीन वाजले होते. मालनताईंचा घसा बसला होता. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण त्यांनी तो हातातच धरला. सातही जण उभे होते. डॉ. मुजावरांनी फॉर्म पुढे ओढला, मंजुरीच्या रकान्यात सही केली आणि 'कारण' या शब्दापुढच्या कोऱ्या ओळीवर पेन टेकवून थोडा विचार केला. मग मोठ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'या लोकांना काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, ते मी स्वतः बसून ऐकलं.'